‘वडील कधी दमलो म्हणाले नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांस सविनय नमस्कार.

पुरेशी झोप होऊनही सकाळी थकवा का वाटतो, या विषयावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. आपले म्हणणे असे की, आठ तास झोपलेला माणूस थकलेला असूच शकत नाही आणि असे लेख म्हणजे आळशी लोकांच्या हाती दिलेली सबब आहे. आपले वडील सोलापूरच्या गिरणीत तिन्ही पाळ्यांत राबले, पण सकाळी उठून कधी ‘दमलो’ म्हणाले नाहीत. उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर झोपून ताजेतवाने उठायचे. आपण स्वतः रात्रभर घोरता, दुपारी तासभर आडवे होता आणि तरीही ठणठणीत आहात. झोपेचे चक्र 90 मिनिटांचे असते हे माझे विधान चुकीचे आहे. लेखात सुचवलेल्या तपासण्या म्हणजे पैसे उकळण्याचा मार्ग आहे. आणि शेवटी, ‘बाईंना घरात पुरेसे काम नसावे, म्हणून झोपेवर एवढे सुचते’.

या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलणे मला भाग आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु गेली सव्वीस वर्षे मी पहाटे साडेपाचला उठून डबे करून शाळेत शिकवायला जाते, आणि पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठून पाणीही भरते. आपल्याला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, हे मान्य. पण जे माहीत नाही त्यावर इतक्या खात्रीने लिहिण्याचे तरी काय कारण होते? आपण वयाने माझ्याहून मोठे असावेत असे आपल्या भाषेवरून वाटते, म्हणून एवढेच लिहिते की वडीलकीचा मान हवा असणाऱ्याने असे वाक्य एखाद्या अनोळखी बाईला लिहू नये.

आपल्या एका मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने स्वीकारते. झोपेचे चक्र घड्याळ लावल्यासारखे 90 मिनिटांचे नसते. ते साधारण 70 पासून 120 मिनिटांपर्यंत कमीजास्त होते, आणि एकाच माणसाचे एकाच रात्रीतही ते सारखे राहत नाही. त्यामुळे दीड तासाच्या पटीत गजर लावण्याचा जो सल्ला मी दिला होता, तो मागे घेते. मात्र एवढ्या एका आकड्यावरून संपूर्ण लेख ‘ऐकीव’ ठरवणे योग्य नव्हे.

आता आपल्या वडिलांविषयी. आपले हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण माझे वडीलही तसेच होते. सोलापूरच्याच पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात ते टॉवेलच्या मागांवर होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्यांनीही कधी ‘दमलो’ म्हटले नाही. परंतु ते थकत नव्हते असे त्यावरून म्हणायचे झाले, तर मी लहानपणापासून डोळ्यांनी जे पाहिले ते सगळे खोटे मानावे लागेल. दिवसपाळीच्या आठवड्यात ते रात्री नऊला झोपत आणि पाचला उठत, म्हणजे पूर्ण आठ तास. उठल्यावर अर्धा तास ते डोके धरून ओट्यावर बसलेले असत. सुट्टीच्या दिवशी भाकरीचा घास हातात असताना त्यांचा डोळा लागलेला मी पाहिला आहे. रात्री त्यांचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू येई आणि आई कौतुकाने म्हणे, “झोपू दे गं त्यांना, किती गाढ झोपलेत बघ की.”

ती झोप गाढ नव्हती. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांचीच असल्याने सकाळी तिची आठवण उरत नाही. पण तासाला तीस-चाळीस वेळा असे होत राहिले, तर खोल झोप जेमतेम हाती लागते. घड्याळात आठ तास भरतात आणि शरीराच्या पदरात त्यातले फार थोडे पडते. सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग, वाढलेला रक्तदाब, रात्री लघवीसाठी वारंवार उठणे, ही सगळी याच आजाराची लक्षणे माझ्या वडिलांना होती, आणि आम्ही त्यांना स्वभाव म्हणत होतो.

1994 साली एका पहाटे मागावर उभे असताना त्यांचा डोळा लागला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने चार लोकांसमोर त्यांना ‘झोपाळू’ म्हटले. वडिलांनी ते ऐकून घेतले, कारण त्यांनाही ते खरेच वाटत होते. माझ्या लेखात ‘आळशी’ हा शब्द का नाही, असे आपण विचारता. त्याचे कारण हे आहे.

2009 साली त्यांची झोपेची तपासणी झाली, तेव्हा तासाला 41 वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. तीस आणि त्यापुढचा आकडा तीव्र समजला जातो. श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र 1981 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले होते. आमच्या घरात ते यायला अठ्ठावीस वर्षे लागली. ते लावू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात वडील म्हणाले, “पोरी, आज डोकं दुखलं नाही बघ.” त्यांच्या पिढीला थकवा येत नव्हता असे नाही; थकव्याचे कारण सांगणारे कोणी नव्हते आणि ‘दमलो’ म्हटले तर रोजी बुडण्याची भीती होती. आपल्या वडिलांविषयी मी काहीच म्हणत नाही. ते खरोखर निरोगी असतील. पण त्यांचे न बोलणे हा पुरावा नव्हे.

आणि प्रत्येक वेळी कारण श्वासाचेच असते असेही नाही. माझे स्वतःचे वेगळे निघाले. चौतिसाव्या वर्षी मी रात्रभर झोपून अंग ठेचल्यासारखी उठत असे आणि शाळेचा जिना चढताना मला धाप लागे. सासरी याला ‘कामचुकारपणा’ असे नाव होते. हिमोग्लोबिन तपासले तर 7.4. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते 12 पेक्षा कमी असले की रक्तक्षय आणि 8 पेक्षा कमी असले की तीव्र रक्तक्षय, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पाळीतला जास्तीचा रक्तस्राव हे त्याचे मूळ होते. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गोळीबरोबर चहा घेणे बंद केले (चहामुळे लोह नीट शोषले जात नाही), आणि चार महिन्यांत मी माणसात आले. झोपेचे तास तेवढेच होते. आपल्याला पैसे उकळण्याचा मार्ग वाटलेली तपासणी ती हीच. रक्ताचे काही थेंब लागले होते.

गच्चीबद्दल आपण लिहिले ते माझ्याच बाजूचे आहे. खोल झोपेसाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि गच्चीवर वारा असतो. म्हणून आपण ताजेतवाने उठत होतात. म्हणजे तास तेवढेच, जागा बदलली आणि झोप बदलली. मी लेखात दुसरे काय लिहिले होते? उरलेल्या मुद्द्यांना, म्हणजे मोबाइल, हल्लीची पोरे आणि शहरी खाणे यांना, वेगळे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र राग बाजूला ठेवून लिहिते. रात्रभर घोरणे आणि दुपारी झोप आवरत नसणे, या दोन गोष्टी आपण ठणठणीत असण्याचा दाखला म्हणून लिहिल्या आहेत. घरातल्या कोणाला तरी एक रात्र जागे राहून ऐकायला सांगा. घोरणे मध्येच एकदम थांबते का, काही क्षण शांतता होऊन मग गुदमरल्यासारखा श्वास येतो का, एवढेच पाहायचे आहे. तसे होत असेल, तर मला पुढचे उत्तर लिहिण्याआधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा, आणि रक्तदाबही मोजून घ्या.