म्हणे नवीन सॉफ्टवेअर टाका!

फ्री डिशवरचे दोन चॅनेल गेले की गल्लीतला प्रत्येक दीडशहाणा एकच मंत्र म्हणतो: "नवीन सॉफ्टवेअर टाक." अरे, पण कशाला? फ्री डिश चालवणारी प्रसार भारती चॅनेलच्या जागांचा (स्लॉटचा) लिलाव करते, १ एप्रिलला चॅनेलची यादी बदलते. जुनी यादी पुसा, पुन्हा स्कॅन करा, संपलं. नवा चॅनेल एमपेग-४ या नव्या व्हिडिओ पद्धतीत असेल आणि डबा (सेट-टॉप बॉक्स) जुन्या एमपेग-२ चा, तर जगातली कुठलीही फाईल तो दाखवणार नाही. ते काम चिप करते, पेनड्राइव्ह नाही!

डब्याच्या सिग्नल मेनूत स्ट्रेंग्थ ८०, क्वालिटी शून्य दिसतंय? मग छत्री (डिश) ९३.५ अंश पूर्वेकडच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून सरकली असेल, नाहीतर एलएनबीची, म्हणजे छत्रीच्या टोकाला असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाची, सेटिंग बिघडली असेल. स्ट्रेंग्थचा पट्टा छत्री भलतीकडे असली तरी भरतो, त्याला भुलू नका. चॅनेलची फ्रिक्वेन्सी ११०९० वजा एलएनबीची ९७५० म्हणजे १३४०, हे डब्यातल्या सिग्नल घेणाऱ्या ट्यूनरला चालतं, कारण तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमधलंच घेतो. मेनूत चुकून १०६०० पडलं की उत्तर ४९०, मग काय दिसणार, कपाळ? मेनूत याच फ्रिक्वेन्सीला पोलरायझेशन व्ही (उभं), सिम्बॉल रेट २९५०० हवं. एवढं तपासायला दोन मिनिटं लागतात, पण नाही, आधी फ्लॅशच मारायचा, म्हणजे डब्यात नवं सॉफ्टवेअर भरायचं!

बरं, मारा. पण "न्यू सॉफ्टवेअर १००% वर्किंग" नावाची फाईल डब्यातल्या कुठल्या सर्किट बोर्डाची, हे कोणी लिहील तर शपथ. जीएक्स६६०५एस ही एकच चिप ढीगभर स्वस्त डब्यांत असते. बोर्ड वेगळा, ट्यूनर वेगळा, रिमोट वेगळा. चिप जुळली, ट्यूनर नाही जुळला, की डबा सुरू होतो, मेनू दिसतो आणि सिग्नल कायमचा शून्य. सॉफ्टवेअर साठवणारी फ्लॅश मेमरी चिप २५क्यू३२ असेल तर फाईल बरोबर ४१,९४,३०४ बाइटची हवी, २५क्यू६४ असेल तर दुप्पट. झाकण उघडून आठ पायांच्या त्या चिपवरचा नंबर वाचायला कोणाचा हात दुखतो?

फ्लॅश मारताना अर्ध्यात वीज गेली की नुसता लाल दिवा. मग डबा कॉम्प्युटरला जोडणारा ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर शोधा, एकाचा टीएक्स (पाठवणारी तार) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारी तार) जोडा, ग्राउंड विसरू नका. तेही जमलं नाही तर थेट मेमरी चिप वाचणारा-लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर. त्याच्या काळ्या स्वस्त आवृत्तीत डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची! शिवाय चिप बोर्डावरच ठेवून तिला क्लिप लावून वाचलं तर वीज अख्ख्या बोर्डात शिरते आणि दर वेळी वेगळीच फाईल निघू शकते. दोनदा वाचून दोन्ही फाईली तंतोतंत सारख्या आल्याशिवाय लिहायला घेऊ नका. नाहीच आल्या तर चिप सोल्डरमधून काढून वाचा.

यात सर्वात मोठे गुन्हेगार डबे विकणारे. मूळ फर्मवेअर (डब्याचं सॉफ्टवेअर) देत नाहीत, बोर्डाचा नंबर खोक्यावर छापत नाहीत, मालाच्या पुढच्या खेपेत ट्यूनर गुपचूप बदलतात. आणि "सर्व्हर टाकून (इंटरनेटवरून चोरून) पेड चॅनेल फुकट" म्हणून वर्षाचे पैसे उकळणारे तर निव्वळ चोर. त्यांचं दुकान पंधरा दिवसांत बंद पडलं की तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

काही डब्यांच्या मेनूत यूएसबीखाली "डंप", म्हणजे सॉफ्टवेअरची फाईल बाहेर काढायची सोय, असतं. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावा आणि चालू डब्यातली फाईल आजच काढून ठेवा.