"दुकानदाराने दुकानदारी करावी"

नमस्कार. पित्ताच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न घालता चार ओळी लिहिल्यात. रॅनिटिडीनवर बंदी नाही, पॅन्टोप्राझोल जेवून घेतली तरी चालते, महिनोन् महिने गोळ्या खाण्याचे तोटे लेखात नाहीत. आणि शेवटी ठेवून दिलीत: "दुकानदाराने दुकानदारी करावी, डॉक्टरकी करू नये."

पहिलं मान्य. 'बंदी' हा शब्द चुकला. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेलं रसायन, सापडल्यावर २०२० साली अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीतून नाव वगळलं, एवढंच. दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता 'दुकानदार'. अमळनेरला औषधांच्या काउंटरमागे माझी २८ वर्षं गेली. डी. फार्म. (औषधशास्त्राची पदविका) आहे मी, नुसतं शटर वर-खाली केलेलं नाही. सकाळी सकाळी एखादी मावशी येते, "भाऊ, पोटमा आग पडस," म्हणते आणि ईनो मागते. ईनोतला खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात फसफसतं, त्यातून तयार होणारं सोडियम सायट्रेट पोटातलं आम्ल मारतं. म्हणून लगेच बरं वाटतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यात सोडियम भरपूर. "मावशी, बीपी आहे ना तुला, रोज नको घेऊ," हे सांगणं डॉक्टरकी असेल तर ती मी वर्षानुवर्षं केली, तीही फुकट. पुडी पुढे सरकवणं जास्त सोपं होतं हो.

ओमेप्राझोलचं, म्हणजे पॅन्टोप्राझोलच्याच जातीच्या गोळीचं, कामच वेगळं. ती तयार आम्ल मारत नाही, पोटाच्या अस्तरातले आम्ल सोडणारे पंपच बंद करते. चोपड्याच्या केळीवाल्याला हे एका वाक्यात कळतं: टाकीतलं पाणी उपसत बसायचं, की मोटर बंद करायची? पण औषध चालू पंपालाच चिकटतं आणि पंप जोरात चालू होतात जेवणाने. म्हणून न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी "गोळी डुप्लिकेट दिली" म्हणून भांडायला येणारेही मी पाहिलेत. तुमच्याच सुरात बोलतात.

सांगायचं नव्हतं, पण सांगतो. माझे वडील. शेवभाजीचा तिखट रस्सा, कळण्याची भाकरी आणि रात्री जळजळ, हा नेम. त्यांना ओमेप्राझोलची कॅप्सूल गिळवत नसे, म्हणून उघडून आतले दाणे चावून खायचे. त्या दाण्यांवरचं आवरण औषधाला पोटातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असतं. चावलं की औषध आतड्यात पोचायच्या आधीच नासतं. महिनाभर चालू होतं. त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, कॅप्सूल देणाऱ्या दुकानदारानेही नाही. तो दुकानदार मीच होतो. तेव्हापासून मी गोळीबरोबर दोन वाक्यं देतो. ज्याला ऐकायची नसतील त्याने ऐकू नयेत.

पॅन्टोप्राझोल जेवून चालते, खरं आहे. मी 'चालत नाही' कुठे म्हटलं? 'आधी घ्या' म्हटलं. आणि महिनोन् महिने गोळ्या खाऊन अंगातलं बी-१२, मॅग्नेशियम कमी होण्याचं पुढच्या भागात येणार, हे लेखाच्या शेवटच्या ओळीत आहे. तिथपर्यंत पोचला असतात तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी नाव लिहा. वांग्याचं भरीत खायला बोलवायचं म्हटलं तरी कोणाला बोलवू?