राष्ट्रीय प्रतीकं: वापरायची सोपी रीत

देशप्रेमाला वाचन लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. ध्वजसंहिता वगैरे उघडून बसलात तर ऐन १५ ऑगस्टला तुम्हाला काहीच करता येणार नाही. जे जे करावंसं वाटतं ते ते नेमकं तिथे मना केलेलं असतं.

झेंड्यापासून सुरुवात करू. गाडीच्या बॉनेटवर छोटा तिरंगा लावाच. मोटारीवर राष्ट्रध्वज लावायचा हक्क राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायमूर्ती अशा मोजक्याच पदांना आहे, असं सोसायटीतले एखादे निवृत्त काका सांगायला येतील. त्यांच्याकडे सहानुभूतीने बघा आणि हॉर्न वाजवा. झेंडा खादीचाच हवा ही कटकट डिसेंबर २०२१ मध्येच संपली. यंत्रावरचा, पॉलिएस्टरचाही आता चालतो, त्यामुळे हुबळीजवळ बेंगेरीला मापं तपासत खादीचे झेंडे शिवणाऱ्या बायकांची आठवण काढायचं कारण नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असावं लागतं. सिग्नलवर चौकोनी मिळाला तर चौकोनी घ्या. अशोकचक्र अंडाकृती छापलेलं असेल तर ते जोरात फिरतंय असं समजा.

जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही फडकता ठेवता येतो. या सवलतीचा खरा अर्थ असा, की लावा आणि विसरा. गणपती येतील, नवरात्र जाईल, केशरी रंग लिंबाचा होईल. फाटका ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करावा असं संहिता म्हणते. पण वन बीएचकेत एकांत आणायचा कुठून? दिवाळीत आकाशकंदील त्याच खिळ्याला टांगा, झेंडा आपोआप मागे जातो.

मग राजमुद्रा. सारनाथचे सिंह २६ जानेवारी १९५० पासून सरकारचे आहेत. २००५ च्या कायद्यानुसार त्यांचा गैरवापर केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही घाबरू नका. 'माजी उपसरपंच' या शब्दांच्या वर सिंह जितके शोभतात तितके दिल्लीतही शोभत नाहीत. खाली 'सत्यमेव जयते' असल्याशिवाय मुद्रा पुरी होत नाही, हे खरं. पण काचेवर जागा कमी पडली तर सत्य गाळा, सिंह राहू द्या. टोलनाक्यावर सिंहच उपयोगी पडतात.

राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या वाटेला मात्र जाऊ नका. मेघनाद साहांच्या समितीने हिशेब मांडला आणि २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, ती लागू झाली. आपल्या पंचांगातला शालिवाहन शक आकड्याने तोच, पण हिचे महिने सूर्यावर चालतात, त्यामुळे पाडव्याशी तिचा मेळ बसत नाही. ही तारीख घातलेला चेक बँकांनी स्वीकारावा, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. एकदा लिहून बघा. काउंटरवरची बाई आधी चेककडे, मग तुमच्याकडे, मग वॉचमनकडे बघेल. बाकीची प्रतीकं वर्षातून दोनदा मिरवली की भागतं, ही बया रोज वापरायला मागते. म्हणून तर तिच्यासाठी आजवर एकही मोर्चा निघाला नाही.

भांडायला प्रतीक हवंच असेल तर नसलेलं निवडा. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, असं ठणकावून सांगा. कोणताच खेळ तसा जाहीर केलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारात कळवलंय. मंत्रालयालाही देशद्रोही ठरवा. राष्ट्रभाषेचंही तेच. संविधानात ती सापडत नाही, म्हणजे वाद कधी संपायची भीती नाही.

वाघ, मोर, गंगा यांच्यावर डीपी ठेवला की झालं.

राज्याचं प्रतीक हवं असेल तर पापलेट घ्या. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, कारण पिल्लंच जाळ्यात येऊ लागल्याने दर्यात ते कमी होत चाललं होतं. आता बाजारात गेल्यावर कोळणीला अभिमानाने सांगा, 'राज्यमासा दे गं मावशी. आणि हातभर नको, तव्यात मावतील अशी लहानच बघ.'