फोटो धुवा, रंगवू नका

महेश्वर, मांडू, नाहीतर आपल्या सराफ्यात फिरून आल्यावर हार्डडिस्क भरून फोटो पडून असतात आणि "एकदा बसून स्टॉकवर (म्हणजे शटरस्टॉकसारख्या फोटो विकणाऱ्या साइटवर) टाकायचेत" असं वर्षभर म्हटलं जातं. इंदुरातल्या अशा सगळ्या हौशी मंडळींसाठी ही पोस्ट. जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

माझं स्पष्ट मत असं की फेसबुकवर वाहवा मिळवणारं एडिटिंग स्टॉकवर फोटो पाडतं. तिथला गिऱ्हाईक म्हणजे कुणीतरी डिझायनर. त्याला आपल्या फोटोवर अक्षरं टाकायची असतात, स्वतःचे रंग चढवायचे असतात, हवा तेवढा तुकडा कापायचा असतो. आपणच आभाळ जांभळं केलं, चारी कोपरे काळे केले, तर त्याच्यासाठी उरलं काय? पूर्वी स्टुडिओतून फोटो "धुवून" आणायचे. स्टॉकसाठी तेवढंच करायचं: नीट धुवायचा.

पण स्लायडरला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा, फोटो एडिटोरियल (बातमी-लेखासाठी) जाणार की कमर्शिअल (जाहिरातीसाठी). एडिटिंग इथूनच दोन वाटांनी जातं. घाटावर आंघोळ करणारी माणसं ओळखू येत असतील आणि त्यांच्या सहीचा मॉडेल रिलीज (फोटो वापरायची लेखी परवानगी) नसेल, तर फोटो जाहिरातीसाठी देता येत नाही, एडिटोरियलच द्यावा लागतो. मग त्यातलं काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. उजेड, रंगाचा तोल, कातरणं, सेन्सरवरची धूळ, एवढ्यावरच थांबायचं. दुकानाची पाटी नको वाटली म्हणून काढली की तो फोटो एडिटोरियल राहिला नाही. कमर्शिअलला नेमकं उलटं: पाट्या, लोगो, गाडीचा नंबर, सगळं जायला हवं. फोटो नाकारला जाण्यामागे ही गल्लत फार असते.

इंदूरचा राजवाडाच घ्या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. समोरच्या बागेतून कॅमेरा वर केला की इमारत मागे कललेली दिसते. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे आलेला बाक काढणारी सेटिंग) लावा, मग ट्रान्सफॉर्ममधल्या गाइडेडने दोन उभ्या रेषा धरा. पूर्ण सरळ केलं तर वरचे मजले रुंद, अंगावर आल्यासारखे वाटतात. थोडा कल राहू द्या. या सरळ करण्यात कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडा. नंतर ती आणता येत नाही.

वरून जाणाऱ्या तारा कमर्शिअल फोटोतून काढायच्या असतात. आभाळावरची तार हील ब्रशने एका फटक्यात जाते. झरोक्यावरून गेलेली तार मात्र तशी काढली की कोरीवकाम लोण्यासारखं पसरतं. तिथे २०० टक्के झूम करा, तारेपेक्षा जेमतेम जाड क्लोन ब्रश घ्या आणि शेजारच्या झरोक्याचा तोच भाग उचला. डाग किंवा तडा असलेला लाकडाचा तुकडा उचलू नका, तोच डाग दोनदा दिसला की तपासणारा लगेच पकडतो. एआयने भरण्याचा मोह होईल, पण जपून. एआयने बनवलेली चित्रं शटरस्टॉक आपल्याकडून घेत नाही. अ‍ॅडोबी स्टॉक घेतं, पण तसं सांगावं लागतं.

आता सराफा. दिवसा सोनं-चांदी, रात्री खाणं. आणि उजेडाची नुसती खिचडी. एका गाडीवर पिवळा बल्ब, शेजारी पांढरा एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. १/२५०ला फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात आणि ते काढणं जिकिरीचं काम आहे.

गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईचा फोटो समजा. व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) कागदी प्लेटवरून घ्या, पण पूर्ण पांढरी करू नका, बल्बची थोडी ऊब राहू दे. मग विक्रेत्याच्या चेहऱ्यावर एलईडीची हिरवट झाक असेल तर तेवढाच भाग निवडून वेगळा मास्क करून टिंट जरासा मजेंटाकडे सरकवा. नारिंगी आणि पिवळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ने उतरवा, नाहीतर गराडू, तेल आणि हात एकाच रंगाचे होतात. तेलावरची चमक हायलाइट्स उणे ४०पर्यंत नेऊन सांभाळा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० असेल तर डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणं) लागेलच, पण ३०-४०च्या पुढे गेलात तर मसाल्याचे कण गायब आणि गराडू प्लॅस्टिकचे. थोडे दाणे दिसले तरी चालतात, मेणचट झालेलं चालत नाही.

नर्मदेच्या सकाळी वेगळीच पंचाईत. धुकट, फिकट आभाळ. डीहेझ (धुकटपणा कमी करणारा स्लायडर) १०-१५च ठेवा. जास्त ओढलं की आभाळ निळसर-राखी होतं आणि रंगाच्या पायऱ्या दिसतात. ते टाळायला मुळात फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, १६ बिटमध्ये काम करा आणि जेपेग शेवटी एकदाच, एसआरजीबी या रंगपद्धतीत, सर्वोच्च गुणवत्तेवर काढा. एफ १६ला (लेन्सचं तोंड बारीक करून) काढलेल्या आभाळात धुळीचे ठिपके हमखास असतात. लाइटरूममधलं व्हिज्युअलाइझ स्पॉट्स चालू केलं की सगळे उठून दिसतात. कळसाच्या कडेला जांभळी रेघ असेल तर ती डीफ्रिंजने काढा.

फोटो किंचित मऊ आला असेल तर शार्पनिंग वाढवत बसू नका, कडेला पांढरी रेघ उमटते. ६०००×४०००चा फोटो ३०००×२०००वर आणा: ६ मेगापिक्सेल उरतात आणि मऊपणा बराचसा झाकला जातो. अ‍ॅडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक दोन्हीकडे किमान ४ मेगापिक्सेल लागतात. लहान फोटो ताणून मोठा मात्र करू नका.

कीवर्ड्स (फोटोला जोडायचे शोधशब्द) कंटाळवाणे असतात, पण फोटो सापडतो त्यांच्यामुळेच. अ‍ॅडोबीत ४९पर्यंत देता येतात आणि पहिल्या दहांना वजन जास्त. बर्लिनमधल्या माणसाला गराडू माहीत नाही, तो 'फ्राइड याम', 'इंडियन स्ट्रीट फूड', 'नाइट मार्केट' असं शोधणार. ते आधी, 'गराडू' आणि 'सराफा' नंतर, पण दोन्ही हवेतच.

शटरस्टॉकच्या एडिटोरियल मथळ्यात शहर, देश, तारीख आणि मग काय चाललंय ते एका वाक्यात लिहायचं असतं. ती तारीख आपण फाइलवरूनच उचलतो. तेव्हा या थंडीत सराफ्यात जाण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ एकदा मोबाइलशी जुळवून घ्या. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली असेल तर ते भलत्याच वर्षावर गेलेलं असू शकतं.