बिलाचे वेगळे पडतील

जुन्या व्हिडिओ गेमच्या भावातलं मला कळतं, अशी आमच्या नातेवाइकांत माझी बदनामी झाली आहे. पात्रता एवढीच की ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच पाच-सहा गेम नाव बदलून फिरतात, हे मी लहानपणीच ओळखलं होतं. तेवढ्यावर बदलापूरच्या काकूंनी मला बोलावून घेतलं.

माळ्यावरून एक खोकं उतरवलं होतं. सेगा मेगाड्राईव्ह टू, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम, न उघडलेला. काकांनी दुबईहून येताना आणलेला. दहावीत ऐंशी टक्के मिळाले की मुलाला द्यायचा, असं ठरलं होतं. मुलाला एकसष्ट पडले. आमच्या घराण्यात वस्तू जपली जाते ती अशी.

“पेपरात आलं होतं, एका मारिओचे १५ लाख ६० हजार डॉलर आले,” काकू म्हणाल्या. त्याचे रुपयेही त्यांनी काढून ठेवले होते. साडेअकरा कोटींच्या वर.

बातमी खरी होती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची सीलबंद प्रत त्या भावाला गेली. पण ती नुसती कॅसेट, यंत्र नव्हे. शिवाय तिला आधी परीक्षकांकडे पाठवून गुण घेतलेले. खोक्याला दहापैकी ९.८, वरच्या प्लास्टिकला वेगळा ए प्लस प्लस. (प्लास्टिकला एवढे गुण पडतात हे काकूंच्या मुलाला कळू नये.) आणि मेगाड्राईव्ह जगभरात सुमारे तीन कोटी विकले गेले. दुर्मीळ आहे ते मशीन नव्हे, ते तीस वर्षं न उघडणारे आईबाप.

“पण नेटवर एकाने दोन लाख लावलेत.”

“लावलेत काकू, मिळालेले नाहीत. विकले गेलेले भाव वेगळे बघायचे असतात.”

“आमच्या शेजारचा फ्लॅट चार वर्षं विकला जात नाहीये. म्हणून त्यांनी भाव कमी केलाय का?”

यावर उत्तर नसतं. मी खोक्याकडे वळलो. वर प्लास्टिक नव्हतं, नुसती चिकटपट्टी. ते एका अर्थी बरंच. प्लास्टिक काय, साड्यांच्या दुकानातलं पॅकिंग मशीनही चढवून देतं. चिकटपट्टी मात्र एकदा निघाली की पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन येते.

“चालतो का पण?”

खरी गोम तिथेच आहे. आतल्या कपॅसिटरमधलं रसायन इतक्या वर्षांत पाझरलेलं असू शकतं. बघायचं तर खोकं उघडावं लागतं आणि उघडलं की भाव उतरतो. घेणाराही कधी उघडणार नाही. तो पुढच्याला विकेल, तोही उघडणार नाही. आत मेगाड्राईव्हच्या जागी वजनाला वीट निघाली तरी हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या सुरळीत चालेल.

“म्हणजे तो पैसे कशाचे देतो?”

“न बघितल्याचे.”

काकूंना हे पटलं. लग्नात बंद पाकिटं स्वीकारलेली बाई.

मी अंदाज सांगितला, वीस ते चाळीस हजार. अंदाज असा सांगू नये. विकणाऱ्याला त्यातला दुसराच आकडा ऐकू येतो आणि घेणाऱ्याला पहिला. मध्ये उभ्या माणसाला दोन्हींकडून शिव्या.

ठाण्याहून एक मुलगा बघायला आला. त्याने मोबाईलच्या टॉर्चने आठही कोपरे तपासले, चिकटपट्टीवर नखही न लावता ती निरखली, मग पुठ्ठ्याचा वास घेतला. “उजव्या कोपऱ्याला दुमड आहे. बावीस देतो.”

“दुमड नाही ती, काकांच्या सामानात वर इस्त्री होती,” काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, इतिहासाने किंमत वाढते.

घासाघीस तिसावर अडली. चहा दोनदा झाला. शेवटी त्याने सहज विचारलं, “काकू, तेव्हाचं बिल असेल का हो?”

काकू आत गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातून लाईट बिलांच्या, एलआयसीच्या पावत्यांच्या खालून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. दुकानाचा शिक्का, दिरहममधली रक्कम, १९९४ साल, सगळं जागच्या जागी. मुलाचे डोळे असे चमकले की मीसुद्धा पाहिलं, काकूंनी तर पाहिलंच.

“अडतीस,” तो म्हणाला.

“अडतीस खोक्याचे,” कागदाची घडी घालत काकू म्हणाल्या. “बिलाचे वेगळे पडतील.”