उताणं कवच शुभ, पालथं अशुभ? इग्बोंच्या ‘अफा’बद्दलचा चुकीचा दावा

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांमध्ये ‘अफा’ नावाची प्रश्न बघण्याची पद्धत आहे. तिच्याबद्दल एक दावा सारखा पुढे पाठवला जातो: बीचं कवच उताणं पडलं म्हणजे शुभ, पालथं म्हणजे अशुभ, जगातली पहिली बायनरी (0 आणि 1 या दोनच अंकांची पद्धत) हीच, जर्मन गणितज्ञ लायबनिझने ती इथूनच उचलली, आणि कवचं पडली की माणसाचं नशीब ठरलं. कौतुकाच्या भरात लिहिलं असलं तरी हे चूक आहे.

शुभ-अशुभाचं आधी बघू, कारण मुख्य घोळ तिथेच आहे. अफा बघणारा तो डिबिया. त्याच्याकडे चार दोऱ्या असतात आणि प्रत्येकीत बियांच्या कवचांची चार अर्धुकं ओवलेली असतात. दोरी टाकली की प्रत्येक अर्धुक उताणं पडतं, नाहीतर पालथं. समजा, एका दोरीत वरून खाली उताणं, उताणं, पालथं, उताणं असं आलं आणि दुसरीत उताणं, पालथं, उताणं, उताणं. दोन्हीकडे तीन उताणी, एक पालथं. उताणं म्हणजे शुभ असतं, तर दोन्हींचा अर्थ सारखाच निघायला हवा होता. पण अफात ही दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यांना नावंही वेगळी आहेत. सुट्या कवचाला अर्थ नाही, जसा अक्षराशिवाय नुसत्या कान्याला नसतो. अशी एकूण 16 चिन्हं होतात. ओबी, अक्वू, ओबाला ही त्यांतली काही नावं. दोन दोऱ्या जोडीने वाचल्या की 256 जोड्या होतात.

इग्बोंची म्हणच आहे, ‘इफे क्वुलू, इफे अक्वुदेबे या’: एक गोष्ट उभी राहिली की तिच्या शेजारी दुसरी उभी राहते. म्हणीत ‘शेजारी’ आहे, ‘विरुद्ध’ नाही. चांगल्या-वाईटाची सरळ फाळणी बरीचशी बाहेरून आली. मिशनऱ्यांनी एक्वेन्सू या इग्बो देवतेचं नाव थेट सैतानाला देऊन टाकलं.

लायबनिझचं थोडक्यात. बायनरीवरच्या 1703 सालच्या लेखात त्याने यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातल्या आकृत्यांचा उल्लेख केला आहे, अफाचा नाही. शिवाय चार ओळींच्या 16 आकृत्या एकट्या इग्बोंच्या नाहीत. नायजेरियातल्याच योरुबा लोकांच्या ‘इफा’ या प्रश्न बघण्याच्या पद्धतीत त्या आहेत, अरबी रमलात आहेत, आणि तेच रमल आपल्याकडेही पोचलं. दोन स्थिती आहेत म्हणून अफाला बायनरी म्हणा हवं तर, पण डिबिया बेरीज-वजाबाकी करत नाही, तो वाचतो.

राहिलं नशीब. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ असं इग्बो म्हणतात: माणूस हो म्हणाला की त्याची ‘ची’, म्हणजे त्याच्या सोबतीला असलेलं दैवत, हो म्हणते. म्हणून दोऱ्या टाकून झाल्यावर डिबिया उठून जात नाही. काय बिघडलंय, कोणाला काय अर्पण करायचं, हे तो सांगतो. आणि ते करायचं की नाही, हे समोर बसलेल्या माणसाने ठरवायचं असतं.