हाँगकाँगचे लाचलुचपतवाले आणि पाच ‘स्टॉर्म’

हाँगकाँगची ‘स्टॉर्म’ मालिका नुकतीच पुन्हा सलग पाहिली. कँटोनीज भाषेतले पाच थ्रिलर: २०१४ चा ‘झेड स्टॉर्म’, मग एस, एल, पी आणि २०२१ च्या अगदी शेवटच्या दिवशी प्रदर्शित झालेला ‘जी’. नायक एकच, आयसीएसी या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा तपास अधिकारी विल्यम लुक. भूमिका लुई कूची, दिग्दर्शन डेव्हिड लॅमचं. मला हे सिनेमे मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्याबद्दलची तक्रारही नीट मांडतेय.

तक्रार ही की या सिनेमांना लाच म्हटलं की कोट्यवधींचाच आकडा दिसतो. सरकारी निधीवर डोळा ठेवून उभा केलेला बोगस फंड, फुटबॉलचा सट्टा, मनी लाँडरिंग. मग पाठलाग, मग गोळीबार. पण आयसीएसी उभी राहिली ती चहापाण्याच्या पैशांपायी पिचलेल्या माणसांच्या संतापातून.

साठ-सत्तरच्या दशकातलं हाँगकाँग आठवा. घराला आग लागली, बंब आला, तरी पैसे हातात पडल्याशिवाय जवान पाणी सोडायचे नाहीत. आजाऱ्याला उचलण्याआधी अँब्युलन्सवाले चहापाणी मागायचे. इस्पितळातल्या आया बेडपॅन द्यायला, अगदी पेलाभर पाणी द्यायलाही हात पुढे करायच्या. हे वाचलं आणि मला बाबांचं ऑपरेशन आठवलं. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबवून वॉर्डबॉय माझ्याकडे नुसता बघत उभा होता. काही बोलला नाही. मी पर्स उघडली. त्या क्षणी जे वाटतं ते कुठल्याही मोठ्या घोटाळ्याची बातमी वाचून वाटत नाही. असा एक प्रसंग पाच सिनेमांत मला ठळकपणे सापडला नाही.

शिवाय खरी हकीकत पटकथेला मागे टाकेल अशी आहे. पीटर गॉडबर हा ब्रिटिश पोलीस अधिकारी, चीफ सुपरिंटेंडंट. त्याच्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त मालमत्ता सापडली. हा पैसा आला कुठून, याचा खुलासा करायला त्याला एका आठवड्याची मुदत मिळाली. ८ जून १९७३ रोजी गडी पोलिसांचा विमानतळ पास दाखवून तपासणी चुकवत विमानात बसला आणि सिंगापूरमार्गे लंडनला पोहोचला. तरुण पोरं रस्त्यावर उतरली, ‘गॉडबरला पकडा’ म्हणत. गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी ओळखलं की पोलिसांची चौकशी पोलिसांकडे ठेवून भागणार नाही. १५ फेब्रुवारी १९७४ रोजी आयसीएसी सुरू झाली, पोलीस खात्याच्या बाहेर, थेट गव्हर्नरला जबाबदार.

आता पेच बघा. हिशेब न लागणारी मालमत्ता हा हाँगकाँगमध्ये गुन्हा होता, इंग्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे तेवढ्यावर गॉडबर परत मिळेना. प्रत्यक्ष घेतलेली एक तरी लाच सिद्ध करणं भाग होतं. शेवटी तुरुंगात असलेला दुसरा एक पोलीस अधिकारी साक्षीला तयार झाला, आणि २५ हजार डॉलरच्या एका लाचेवर मामला उभा राहिला. जानेवारी १९७५ मध्ये गॉडबरला परत आणलं. शिक्षा चार वर्षं. एकही गोळी न झाडता झालेला हा तपास मला कुठल्याही क्लायमॅक्सपेक्षा जास्त थरारक वाटतो.

आणि १९७७. अटकसत्राने चिडलेले पोलीस मोर्चा घेऊन निघाले, त्यातले काही आयसीएसीच्या कार्यालयात घुसले, अधिकाऱ्यांना मारहाण केली. मॅक्लेहोस यांना नमतं घ्यावं लागलं. १ जानेवारी १९७७ पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांना माफी जाहीर झाली. संस्था वाचली, पण कितीतरी जण हिशेब न देता सुटले. हा सौदा योग्य होता का? मला वाटतं होता, पण ज्यांनी वर्षानुवर्षं हप्ते भरले त्यांच्यापुढे हे म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणूनच पाचांत मला ‘एल स्टॉर्म’ सर्वांत सरस वाटतो. त्यात खुद्द लुकवरच १ कोटी २० लाखांची लाच घेतल्याचा आरोप येतो, तो निलंबित होतो आणि आयसीएसीचाच अंतर्गत चौकशी विभाग त्याच्या मागे लागतो. तपासणाऱ्याला कोण तपासणार, हा प्रश्न इथे भाषणातून येत नाही, कथेतून येतो. महाराष्ट्रात एसीबीतले, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागातले, अधिकारी पोलीस दलातूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि ठरावीक काळाने तिकडेच परततात. अशा ठिकाणच्या प्रेक्षकाला तर हा प्रश्न जास्तच टोचायला हवा.

‘पी’ही चांगला. लुक कैदी बनून तुरुंगात जातो आणि पैसेवाल्या घरचा पोरगा तुरुंग कर्मचाऱ्यांना विकत घेऊन आत कसा ऐषारामात राहतो ते बघतो. माझ्या म्हणण्याच्या सगळ्यात जवळ हाच भाग येतो. ‘जी’ मात्र ॲक्शनच्या आहारी गेलाय.

पाहणार असाल तर ‘एल’पासून सुरुवात करा, मग ‘पी’. आधीचं माहीत नसलं तरी अडत नाही. आणि डब केलेला घेऊ नका. कँटोनीज आवाज ठेवून सबटायटल्स लावा, कारण चौकशीच्या खोलीतल्या प्रसंगांत कोण कुठे अडखळतो यावरच सगळं अवलंबून आहे.